आईला विचारू नकोस

ताई,
जमिनीवरूनच नमस्कार!

मी मजेत आहे. आपल्याकडचं विमान उडवायचं लायसन्स इथं चालत नाही, म्हणून बदलून घेतोय. कायद्याच्या पेपरात पास झालो, परीक्षकाबरोबरचं उड्डाणही झकास झालं. फक्त डॉक्टरांचा शिक्का राहिलाय. तोवर जिवाला चैन नाही. बस वळली की माझे पाय विमानात असल्यासारखे पेडल दाबायला लागतात. शेजारच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या, "मुंग्या आल्यात का?"

आईचे गुडघे कसे आहेत? चिमणीला म्हणावं, मामा तुला नक्की फिरवणार.

डॉक्टरांनी छाती दोनदा तपासली. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, म्हणाले. बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. आईला विचारू नकोस, तुला आठवतं तेवढं लिही. सहज विचारतोय, पण लगेच लिही.

तुझा,
धाकटा