गळकं क्लॉडिन

२१ सप्टें., रवि.
सुट्टी, तरी डोंबिवलीहून ठाण्याला लॅबमध्ये जाऊन आले. पेशींना रविवार कळत नाही. पण आकडे काय सुंदर! बदललेल्या क्लॉडिनच्या पेशी पुन्हा गळक्या निघाल्या. ज्या मुलाच्या किडनीतून मॅग्नेशियम वाहून जातं, त्याच्यात हाच बदल सापडलाय. सरांना लगेच मेसेज. सर म्हणाले, "शाब्बास! पुढच्या सोमवारी त्याचे डॉक्टर येतायत, त्यांना दाखवू."
आईने विचारलं, क्लॉडिन म्हणजे काय गं? म्हटलं, टाइल्सच्या फटीत पांढरं सिमेंट भरतात ना, तसं पेशींच्या सांध्यात. "मग आधी आपल्या बाथरूमचं बघ."

२५ सप्टें., गुरु.
आईबरोबर टेंभी नाक्याच्या देवीला. आजची मापं शेजारच्या टेबलावरच्या प्राजक्ताला घ्यायला सांगितलेली. रांगेतच तिचा मेसेज: साध्या पेशी गळक्या, बदललेल्या घट्ट! उलटंच!! हिने पेशींच्या प्लेटींची अदलाबदल केलीय, नक्की. असली भडकले. देवीकडे मागितलं काय, तर प्राजक्ताला अक्कल.

२६ सप्टें., शुक्र.
गेल्या गेल्या भांडले.
"अगं, प्लेटवर लाल पेनाने तूच नाव टाकलंयस, मी कशी चुकेन?"
"आधी कुठली काढलीस?"
"साधी. सगळे साधीच आधी काढतात. तू?"
मी नेहमी बदललेली आधी. मला धीर कुठे निघतो! इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या प्लेट गरम, आणि गरम असली की विजेला होणारा विरोध कमी दिसतो, म्हणजे गळकी वाटते. दुसरी तोवर एसीत गार पडते, तिचा आकडा चढतो. इतके दिवस मी एसी मोजत बसलेले!
प्राजक्ता पोट धरून हसली. मीही. मग बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले. तिची माफी मागायची राहिलीच...

२७ सप्टें., शनि.
सरांना सांगितलं. सर म्हणाले, "डॉक्टरांना बोलायच्या आत सापडलं ना, बरं झालं. दोन्ही प्लेटी सारख्या गार होऊ देत, मग मोज."
"आणि फरक निघालाच नाही तर?"
"तर तसं सांगायचं."
प्राजक्ताची माफी मागितली, वडापाव दिला. तिने दोन खाल्ले.

२९ सप्टें., सोम.
डॉक्टर दुपारी येणार. प्लेटी टेबलावर गार होतायत. दर मिनिटाला माझा हात पुढे, प्राजक्ता चापट मारते.
फरक निघावा असं फार वाटतंय. माझं काम वाचेल, त्या मुलाच्या आईवडिलांना कारण कळेल. एवढं वाटतंय, म्हणून मी मोजायला नको. प्राजक्ताला म्हटलं, तू मोज, मी लिहिते, कुठली कुठली ते सांगू नकोस. तिने नावांवर टेप लावली.
दोन्ही आकडे लिहून झाले. फरक आहे. चांगलाच आहे! पण गळकी कुठली?
"चहा पिऊन येते, मग टेप काढू," म्हणाली आणि खरंच गेली, नालायक.