पंधरा डिसेंबरच्या आत

१४ ऑक्टोबर १९८६, आरमोरी

खोटं बोलले. सगळ्यांसमोर. जीभ एकदाही अडखळली नाही!

नथ्थू पोस्टमन दुपारी गिरणीवर अमेरिकेचं पाकीट देऊन गेला. या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून सासऱ्यांनी, मामाजींनी, मला घरातून बोलावून घेतलं. धान घेऊन आलेली माणसंही काम सोडून भोवती उभी. "वाच बाई, काय म्हनते आमच्या हरिदासचं कालेज?"

वाचलं. आधी मनात. यांनी ऑगस्टपासून कॉलेजात नावच नोंदवलेलं नाही. खोली सोडली, नवा पत्ता दिला नाही, म्हणून पत्र गावच्या पत्त्यावर आलं. व्हिसा शिकण्यासाठी दिलेला आहे, शिकणं सोडलं की तोही संपतो. काही दिवस थांबायचं होतं तर आधी परवानगी घ्यायला हवी होती. तरी अजून एक संधी आहे — पंधरा डिसेंबरच्या आत कारण लिहून कळवा, पुन्हा नाव घालण्याचा विचार करू. नाहीतर देश सोडावा लागेल.

वर पाहिलं तर मामाजींचा चेहरा लहान मुलासारखा झालेला. दया आली हो! मी म्हणाले, "अभ्यास फार चांगला चाललाय म्हणतात."

मामाजींनी सगळ्या गिरणीला बुंदी वाटली. मलाही दिली. खाल्ली.

१५ ऑक्टोबर

पाकिटात नियमांची एक छोटी पुस्तिकाही होती. काल ती पाहिलीच नाही. आज डिक्शनरी घेऊन बसले.

पान नऊ. विद्यार्थ्याची बायको त्याच्यासोबत राहू शकते. तिच्यासाठीचा कागद कॉलेजच देतं. त्यानं मागायचा फक्त!

तीनदा वाचलं. एकेक शब्द डिक्शनरीत पाहिला, माझंच काही चुकत असेल म्हणून. नाही चुकत.

लग्नाला दीड वर्ष झालं. त्यातले यांच्यासोबतचे दिवस बावीस. आणि दर पत्रात तेच — 'इथे बायकोला आणायचा नियम नाही, माझा नाइलाज आहे.' म्हणे नाइलाज!

मी चंद्रपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. बघायला आले तेव्हा हेच म्हणाले होते, "सोडून द्या ते. तिकडे आल्यावर तिथलं कॉलेज करा." सोडलं. मला कोणत्या कॉलेजानं पत्र पाठवलं? की बाई, का थांबलीस, अमुक तारखेच्या आत कळव, तुझं नाव पुन्हा घालू? माझ्या जाण्याची कुणी साधी चौकशी केली नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घेते. हरिदास! हरिदास खोटारडा!

पत्र आणि पुस्तिका पेटीत शालूखाली ठेवली. त्याला पाठवणार नाही. येऊ दे पंधरा डिसेंबर.

१९ ऑक्टोबर

चार दिवस झाले, जेवण गोड लागतंय. कुणाला सांगायची सोय नाही, एवढंच वाईट.

४ नोव्हेंबर, ब्रह्मपुरी

दिवाळीला माहेरी आले आहे. बाबांना धीर करून विचारलं, राहिलेली परीक्षा देऊ का? बाबा म्हणाले, "जावई येऊ दे, मंग पाहू." आईकडे पाहिलं तर तीही, "जावई येऊ दे." कुंकवाला विचारल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही म्हणजे!

ठीक आहे. आणतेच जावयाला. तो ज्या एस.टी.तून आरमोरीला उतरेल, त्याच एस.टी.त मी चढेन.

२३ नोव्हेंबर, आरमोरी

त्याचं पत्र आलं, मराठीत. मामाजींनी स्वतःच अडखळत वाचलं. परीक्षा जवळ आली आहे, फार धावपळ आहे (कुठली परीक्षा रे?). कॉलेजचं काही पत्र तिकडे आलं असेल तर ताबडतोब या नव्या पत्त्यावर पाठवा. आणि शेवटी — 'सौ. इंदूस सांगणे, नियम अजून बदललेला नाही.'

कान तापले. हातातला पेला खाली ठेवला, नाहीतर फेकलाच असता.

मामाजी म्हणाले, "ते बुंदीवालं पत्र आजच पाठवून दे बाई." मी पेला विसळायला घेतला. तर सासूबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "आज कोठी जाते टपालात? खळ्यावर मानसं धान चुरून राह्यले, त्याईचं जेवन कोन करन? जाईन ते पत्र चार दिवसानं." बिचाऱ्यांना कशाचा काही पत्ता नाही, पण अगदी वेळेवर धावून आल्या!

२७ नोव्हेंबर

मामाजींनी विचारलं. म्हटलं, पाठवलं. त्यांनी हरिदासला तसं कळवूनही टाकलं.

६ डिसेंबर

आज डळमळले. मामाजी एका गिऱ्हाइकाला हरिदासचा फोटो दाखवत होते, कोट घातलेला. तो फोटो ते स्वतःच्या बाहीनं पुसतात. वाटलं, त्यांनी माझं काय वाकडं केलंय? अजून नऊ दिवस आहेत. तार केली तर पोचेल.

तारघरात गेले. फॉर्म घेतला, त्याचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग 'सौ. इंदूस सांगणे' आठवलं. फॉर्म टराटरा फाडला. तारवाला बघत राहिला. बघ म्हटलं!

१५ डिसेंबर

आज! दोनदा भात वाढून घेतला.

२८ जानेवारी १९८७

सुटला बाण. लागला!

हरिदासचं पत्र — 'व्हिसा गेला. कॉलेज म्हणतं, आम्ही वेळ दिला होता, तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही पाठवलेलं पत्र मला मिळालंच नाही. दहा फेब्रुवारीपर्यंत घरी पोचतो.'

मामाजींनी गिरणी बंद केली. दिवसाउजेडी, दारात धानाच्या बैलगाड्या उभ्या असताना. मला विचारलं, "तू टाकलं होतं ना बाई?" म्हटलं, "टाकलं होतं मामाजी. डाकेत गहाळ झालं असेल." त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. तेवढं मात्र काट्यासारखं रुतलं.

पण येऊ दे त्याला. भेटेल तो विचारेल, 'काऊन वापस आला गा?' देऊ दे उत्तरं. दीड वर्ष मी देत होते — 'काऊन नाई नेलं तुले?' आता त्याची पाळी.

हे कळलं तर मात्र मी मेले. सासर तुटेल आणि बाबाही उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. मग कुठलं चंद्रपूर, कुठली परीक्षा! पण कळणार कसं? मी आणि माझी पेटी, तिसरं कोणी नाही.

चार कपडे वेगळे काढून ठेवले आहेत.

८ फेब्रुवारी

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवाळीले तू माहेरी गेलती, तवा तुही पेटी उघडली मी. ते कागद शाळेच्या रामाजी मास्तराकडून वाचून घेतले."

माझ्या तोंडून एवढंच निघालं — मग बोलल्या का नाहीत?

"काऊन बोलू? पोरगा घरी पाह्यजे होता मले. माह्या बोलावन्यानं येत होता का तो? पाप तुह्या माथी, पोरगा माह्या घरी." सुपातले खडे बाजूला टाकले. "त्याले नाई सांगत मी. तू या घरात राह्यशीन तोवर नाई सांगत."

धावत जाऊन पेटी पाहिली. शालू आहे. पत्र नाही.