समजलं, असं मी म्हणाले

१८ नोव्हेंबर

ती. मावशींना, लेकीच्या मोठ्या जावेचा साष्टांग नमस्कार.

तुमची लेक आता उठून बसते. टाके सुकलेत. काल दोन घास जास्त जेवली. इकडे थंडी वाढलीय, हे आणि भाऊजी, दोघे भाऊ कामावर जायला लागले. परवा फोनवर तुम्ही रडलात, "हिच्याच कुशीला काय झालं" म्हणालात, तेव्हा मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेले. तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही दोघी हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत काम करतो. तिथं आपल्याकडच्या सात जणी आहेत. कुणाचं काही दुखलं-खुपलं की माझ्याकडे येतात. मला फोनमध्ये शोधता येतं, इथली भाषा थोडीफार येते. वासरांत लंगडी गाय शहाणी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

सातव्या महिन्यात धाकटीचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. मी फोनमध्ये लिहिलं, गरोदरपणात पाय सुजणे. उत्तर आलं, असं होतंच, पायाखाली उशी घ्या. मी उशी दिली. दोन दिवसांनी म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी म्हटलं, झोप नाही तुला, दुसरं काय. ते मी फोनलाही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी चादरींच्या घड्या घालताना ती खाली पडली, झटके आले. बीपी फार चढलं होतं, म्हणून लगेच ऑपरेशन. बाळ फार लहान होतं. दीड दिवस होतं.

तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं, नशिबात नव्हतं. मीही मान हलवली.

फोननं फसवलं असं लिहायचं ठरवून बसले होते, मावशी. पण ते अर्धंच खरं. पाचव्या महिन्यात तिला तपासायला मीच नेलं होतं. नर्सनं चित्रांचा कागद पुढे ठेवला. सुजलेला पाय, डोकं, डोळा, एकेकावर बोट ठेवून भराभर बोलली. मला चार शब्द कळले. तिनं विचारलं, दुभाषी बोलवू का? धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "नको, समजलं." आणि हिला सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणतात.

परवा तो कागद दवाखान्यातल्या दुभाषी बाईकडून वाचून घेतला. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या, असं लिहिलंय.

काल धाकटीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं नाही, एवढंच म्हणायचं होतंत ना, ताई." आणि भिंतीकडे तोंड केलं. आज बीपीची गोळी तिनं माझ्या हातून घेतली नाही. भाऊजींनी दिली.

आपल्याच अंगात खोट आहे असं तिच्या मनानं घेतलंय. तुम्ही तिला फोन करा. तिच्या कुशीला काही झालं नव्हतं, हे तिला आईच्या तोंडून ऐकू दे. मला काय बोलायचं ते बोला, नशिबाला मात्र मध्ये आणू नका.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुम्ही जिच्या भरवशावर लेक इतक्या लांब धाडलीत,
ती मोठी