शेवटच्या गाडीमागं

अण्णा, रस्त्याकडेची आपली जागा एका डॉक्टरीणबाईंनी मागितली आहे. पुण्याच्या आहेत, आपल्याकडं ऊसतोडीच्या बायांची तपासणी करायला येतात. त्या बायांच्या पोरींसाठी तिथं वसतिगृह बांधायचं म्हणतात. दसऱ्याच्या आत छप्पर चढलं नाही, तर पोरी पुन्हा शाळा सोडून आई-बापांमागं फडात जाणार. इथवर मला समजतं. पण त्यासाठी लोकांकडून पैसा उभा करायला बाई ग्रीनलँड नावाच्या मुलखात गेल्या आहेत. पायांना लांब पट्ट्या बांधून, सामानाची घसरगाडी ओढत, बर्फाच्या पठारावरून पार पलीकडं जाणार. पोरी शिरूर कासारच्या, जागा आपली, मग यात बर्फ कुठून आला? कुठंतरी पाणी मुरतंय, असंच मला पहिल्यापासून वाटत आलं. रस्त्याकडेच्या जागेवर तुम्ही होतात तेव्हापासून किती जणांचा डोळा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

हिवाळ्यात त्यांचा सराव आपल्याच रस्त्यावर चालायचा. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला ट्रकचं जुनं टायर, आणि ते खरडत ओढत बाई निघायच्या. पहिल्याच दिवशी धाकट्या काकूनं त्यांना खंडोबाच्या देवळापाशी अडवलं, टायरवर भंडारा टाकला आणि पाया पडून विचारलं, "कशाचा नवस हाय गं बाई?"

बाई ओशाळल्या. "नवस नाही आजी, सराव करतेय."

"असू दे. देवाला सराव बी चालतो," काकू म्हणाली. त्या दिवसापासून आयाबाया वाटेत उभ्या राहून टायरला हळद-कुंकू लावू लागल्या. बाईंनी कुणाला अडवलं नाही. मला तेही खटकलं. ज्यांचा देव नाही त्यांनी देवाचा मान कशाला घ्यावा?

शेवटी मी तोंडावरच विचारलं, "ताई, लोकांना द्यायचंच असंल तर घरबसल्या देतील की. तुमी कावून तिकडं मरायला जाताय?"

त्या दम खात टायरवर बसल्या. म्हणाल्या, "जायचा खर्च माझा मी करतेय. पण नुसतं मागितलं की लोक हो म्हणतात आणि विसरतात. कुणी ओढताना दिसलं, की हात पुढं येतो."

हे मला पटलं नाही, पण ओळखीचं वाटलं. घरी येईपर्यंत आठवलं.

जत्रेचा दिवस आहे. तुमच्या अंगाला हळद फासली आहे, सकाळपासून पोटात अन्न नाही. बारा गाड्या एकामागं एक जोडून दोर तुमच्या कमरेला बांधला आहे. सगळी पोरं तुमच्या पुढं नाचत आहेत आणि मी एकटा शेवटच्या गाडीमागं गेलो आहे, खरं काय ते बघायला. संध्याकाळी चुलीपुढं आई तुमच्या ताटात पोळी वाढत असताना मी बोललो, "अण्णा, तुमी ओढत न्हाईत. मागून लोक ढकलत्यात. मी बघितलंय." आईचा हात थांबला. आता थोबाडीत बसणार, म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही शांतपणे घास गिळलात.

"ढकलत्यात की. त्याबिगर बारा गाड्या हालत्यात व्हय? म्होरं एकानं कंबर बांधली, की मागचे हात लावत्यात. तू तितंच हुबा व्हतास ना? मंग तू कावून न्हाई लावलास?"

नंतर किती वर्षं मी त्या बोलण्यावर चिडून होतो. मला ती पळवाट वाटायची.

परवा बाईंचा बर्फावरचा व्हिडिओ आला. झाड नाही, बांध नाही, जमीन कुठं संपते आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नाही. त्यात एक माणूस पुढं वाकून दोर ओढतंय. काकू मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. म्हणाली, "तुज्या बापाची चाल हाय ही." मी तो पुन्हा लावला. चालीकडं नाही, त्या घसरगाडीच्या मागं बघत होतो. मागं कुणी नव्हतं, नुसती खरडलेली वाट होती. तरी मी बोलून गेलोच, "पर ही शूटिंग कोन करतंय?"

"कर चौकशी," काकू म्हणाली. "तवर पोरी जातील फडात."

सोमवारी तालुक्याला जाऊन मी जागेचं बक्षीसपत्र करून देणार आहे. वसतिगृह झालं नाही तर जागा परत आपल्या घराकडं येईल, अशी अट वकिलाला आतापासूनच सांगून ठेवली आहे. एवढा संशय माझ्यात राहणारच. तो कुणाकडून आला कोण जाणे, तुमच्याकडून तर नक्की नाही.

हा कागद भंडाऱ्याच्या डबीखाली ठेवतो. तिथून तो कुठं जायचा नाही. तुम्हाला एकच सांगायचं राहिलं. रविवारी खंडोबाची तळी उचलताना देवापुढं मी त्या बाईंचं नाव घेतलं. हळूच घेतलं, काकूला ऐकू जाऊ नये म्हणून.