नायिकेचं मौन आणि माझं मरण

४ डिसेंबर
आजपासून मी स्त्रीवादी. ‘शोकांतिकेतील स्त्री’ हा दोन दिवसांचा ऑनलाइन सेमिनार संपला. सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलं. दर नाटकात बाई मरते आणि पुरुष रडून मोकळा होतो, हे आमच्या मूल गावात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आमच्या नाट्यमंडळाचं नाटकही तसंच. नवरा संशय घेतो, शेवटच्या अंकात बायको विषाचा पेला पिते, प्रेक्षकांत बाया पदर डोळ्यांना लावतात. बावीस वर्षं नवरा मीच. आता शेवट बदलणार, बाई मरणार नाही. उद्या पहाटे पाचला उठून लिहायचं.

५ डिसेंबर, सकाळी १०
उठलो. नीलाला तिच्यावर होणारा अन्याय समजावला. ती मध्येच भात उतरवायला गेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बायकोला विषयाची आवड नाही. लिहायचं राहिलं.

९ डिसेंबर
मंडळाचे मालक नानाजी म्हणाले, सावली गावात शंकरपटाला, बैलांच्या शर्यती झाल्यावर रात्री, नवा शेवट करून बघू. पडला तर नवऱ्याचं काम मंडळातल्या तरण्या विक्कीला. विक्कीला अभिनय येत नाही. माझ्याकडे डाय आहे, त्याच्याकडे केस आहेत, एवढाच फरक.

१४ डिसेंबर
बाईच्या दुःखावर चार स्वगतं लिहिली. चारही माझ्या तोंडी. तिच्या तोंडी रडकी वाटली असती. नायिकेला मौन दिलं. मौन हेच तिचं बंड! तिला एकच ओळ ठेवली. नायिका करणाऱ्या मयुरीने तालमीत विचारलं, “सर, नाटक बाईचं हाय, तं बाई बोलत काऊन नाई?” उत्तर तिला झेपलं नसतं, म्हणून दिलं नाही.

१९ डिसेंबर
ती ओळही काढली. आता बंड पूर्ण.

२३ डिसेंबर
मयुरी दुसऱ्या मंडळात गेली. तिथेही विषच पिते, पण आधी दोन गाणी आहेत म्हणे. बाईच बाईची वैरी. सावलीचा प्रयोग परवावर आला, नायिका नाही. जेवताना सुचलं: बोलायचं काहीच नाही, तर नीला चालेल. न बोलण्याची तालीम घरी झालेलीच आहे. तिला सांगितलं, पेल्याजवळ उभी राहा, बाकी मी बघतो. ती हो म्हणाली.

२६ डिसेंबर, दुपारी
काल रात्री सावली गाजवली.
पहिल्या दोन स्वगतांत पुरुष शेकोटीकडे निघून गेले. बाया बसून होत्या. चौथं स्वगत झाल्यावर पश्चात्तापाने मीच पेला उचलला, प्यालो, कोसळलो. आणि बायांच्या बाजूने वन्स मोअर! बावीस वर्षांत मला मिळालेला पहिला. वन्स मोअर मिळाला की नाही म्हणायचं नसतं. उठलो, तर पेला रिकामा. नीला न सांगता पुढे आली. तिने तांब्यातलं लाल शरबत पेल्यात काठोकाठ ओतलं आणि माझ्या डोळ्यांत बघत पेला हातात दिला. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. मी थोडा घाबरलो.
प्यालो, मेलो. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा पेला. बाया हसत होत्या की रडत, कळेना. पुरुष शेकोटी सोडून परत आले. पुढच्या खेपेला स्वगत म्हणायला तोंड उघडलं, तर तिने पेलाच तोंडाला लावला. ठसका लागला, त्यालाही टाळ्या.
एकूण, विचार लोकांपर्यंत पोचला.

२७ डिसेंबर
नानाजी घरी आले. आरमोरीची तारीख पक्की, आणखीही गावं मागताहेत. हे सगळं नीलाला सांगत होते. चहा मी केला. स्वगतं काढायची, मरण ठेवायचं, असं ठरलं. मी म्हटलं, मरणाला अभिनय लागतो. नानाजी म्हणाले, “हेमराज सर, मराले कोनीबी चालते. विक्की हाय न. पाजाले नीलाबाईच पायजे.”
नीलाकडे बघितलं. म्हटलं, ही तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, विक्कीला रोज तालमीला यायला जमणार नाही, घरी प्रॅक्टिसला तुम्ही आहातच.
रात्रीचा भात झाला नाही. हॉलमध्ये सर्टिफिकेटखाली उभा राहिलो. तिने पेला भरला. प्यालो, पडलो. फरशी गार होती. तिने तांब्यात किती उरलंय ते बघितलं.
मग म्हणाली, “वन्स मोअर.”