ओवाळणीच्या बॅटऱ्या

प्रिय बन्सी,

पत्राच्या डोक्यावर ‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. भाऊबीजेला येतोस असा तुझा फोन आला, तो यांनी उचलला आणि ‘या, या’ म्हणाले. मी फोन मागितला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मधेच हसून विषय उडवतोस. कागदावर तुझं काही चालायचं नाही.

गेल्या भाऊबीजेला तू आमच्या राहत्या होडीसाठी दोन बॅटऱ्या आणल्यास. ताटात मावणाऱ्या नव्हत्या म्हणून पाटाशेजारी ठेवल्यास, मला त्यांना हळदकुंकू लावायला लावलंस आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालास, “आक्का, औरंगपुऱ्यात असला माल कुणाकडं नाय.” खरंच नसेल. दिवे-पंखे चालवायला ट्रकची बॅटरी देणारा दुकानदार साऱ्या औरंगपुऱ्यात तू एकटाच. शेंद्र्याच्या कुण्या ट्रकवाल्यानं सांगून न उचललेला माल दुकानात पडून होता, तो बहिणीच्या गळ्यात मारलास. वरचं लेबल तेवढं खरवडून आणलंस.

तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. आप्पांच्या दुकानात बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरत आपण दोघं लहानाचे मोठे झालो. गिऱ्हाईक आलं की आप्पा आधी विचारायचे, बॅटरी कशाला पाहिजे? “गाडीची बॅटरी म्हंजी पैलवान. एक धडक मारणार अन् बसणार. घराला हमाल लागतो, दिसभर वझं वाहणारा.” गाडीची बॅटरी पंखा लावून रोज तळापर्यंत उतरवली, तर सहा-आठ महिन्यांत तिच्यात काही उरत नाही. घराला जाड प्लेटांची ट्युबुलर बॅटरी लागते, मग ते घर जमिनीवर असो की पाण्यावर. हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील.

होडीवर आमचं होतं तरी काय? दोन दिवे, एक पंखा, यांचा रेडिओ आणि सासूबाईंचं वाफेचं मशीन. त्यांचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं. माशांच्या हंगामात त्या आमच्याबरोबर होडीवरच राहायच्या, काठावर जीव रमत नाही म्हणायच्या. दमा होता, पण मशीन सोबत आहे म्हणून डॉक्टरही हो म्हणाले. श्रावणात तीन दिवस आभाळ हटलं नाही, छपरावरच्या सोलरला ऊन नाही. धड बॅटऱ्या असत्या तर तेवढं सहज निभावलं असतं. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंना धाप लागली. मशीन लावलं, ते दोन मिनिटं घुरघुरलं आणि बंद पडलं. यांनी दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि होडी काठाकडे काढली. पाऊण तासाची वाट. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, आणि काठ दिसायला लागला तेव्हा तो सुटला.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी गिळून टाकलं असतं. पण दहाव्याला आलास, यांच्या खांद्यावर हात ठेवलास आणि चार माणसांत म्हणालास, “दाजी, लोड लई टाकला तुमी. बॅटरीला सोसलं नाय.” लाज कशी वाटली नाही रे तुला! तेव्हापासून हे होडीत पाय ठेवत नाहीत. “म्या रेडिओ ऐकत बसलो अन् माय गेली,” एवढंच घोकतात. दोन घास खाल्ले की ताटावरून उठतात. आपणच आईला मारलं हे त्यांच्या डोक्यात बसलंय, आणि ते तू बसवलंस. मला तुझा राग येतो म्हणणं फार थोडं होईल, बन्सी. मला तुझी किळस येते.

आता पत्र कशाला लिहिलं ते ऐक. त्या भाऊबीजेला तू गेल्यावर यांनी मला विचारलं होतं, “तू बॅटरीवाल्याची लेक. बघ बरं, ह्या आपल्याला चालतेत का.” मी एक उचलून पाहिली. हलकी लागली, वजनावरूनच कळलं की ही गाडीची. तरी मी म्हणाले, “लई बेस हायेत.” ओवाळणीत आलेल्या वस्तूची पारख करायची नसते, आणि माहेराची अब्रू नवऱ्यापुढे मी कशी काढणार? ते माझ्या शब्दावर गेले. म्हणून भाऊबीजेला जरूर ये. मी तुला ओवाळणार नाही. त्यांच्यासमोर बसून तू लेबलाचं सांग, मी वजनाचं सांगते. तू आला नाहीस तरी मी त्या दिवशी सांगणारच. मग त्यांनी मला घराबाहेर काढलं तर त्यांना कोण बोल लावील? मी सरळ तुझ्याकडे येईन आणि जन्मभर रोज सकाळी तुझ्यासमोर चहा प्यायला बसेन. दुकानावरची खोली रिकामी करून ठेव.

तुझीच, दुसरं कोण उरलंय,
द्वारका