परस्पर दिलेली माफी

इर्बिद, मंगळवार

प्रिय रनीम,

आत्या सांगते, तू जेवतेस पण बोलत नाहीस. माझा फोनही घेत नाहीस, म्हणून हे पत्र. तुला आत्याकडे अकाबाला पाठवताना मी म्हणालो होतो, हवापालट होईल. डोंबलाचा हवापालट! त्या कुसैने जिन्यात तुझ्या अंगाला हात लावला, एकदा नव्हे तीनदा, आणि शाळा सुटली तुझी. तो मात्र रोज पहिल्या बाकावर बसतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तुमच्या हेडसरांची तर कमालच. तू तक्रार घेऊन गेलीस, तर नझीह सरांनी सूचना लावली, की मुलींनी मागच्या जिन्याने ये-जा करावी. वर, प्रकरण शिक्षण खात्यापर्यंत जाऊ नये म्हणून कुसैच्या काकांबरोबर आपल्याच घरी आले, मध्यस्थ बनून! दिवाणखान्यात वीस पुरुष. समोर कॉफी ठेवली, पण कपाला कुणी शिवेना. मागणं मान्य झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, ही आपली रीत. काका मला म्हणाले, "अबू रनीम, पोरवय आहे, झाली चूक. आता पदरात घ्या." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि कॉफी निवत होती. मी म्हणालो, "घ्या, कॉफी घ्या." झालं, मिटलं! मिठ्या मारून मंडळी गेली. तू पाच पावलांवर स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होतीस. तुला विचारावं असं त्या विसांतल्या एकालाही वाटलं नाही, आणि एकविसावा तुझा बाप.

काल तुझा दाखला आणायला शाळेत गेलो. बघतो तर पुढच्या जिन्यावर तुमच्या वर्गातल्या चौदाच्या चौदा मुली ठाण मांडून बसलेल्या. नझीह सर ओरडत होते, "मागून जा, नाहीतर घरी चिठ्ठी पाठवीन!" तुझी जुमाना जागची हलली नाही. म्हणाली, "पाठवा की सर. आणि कुसैला कुठल्या जिन्याने पाठवणार, तेही लिहा त्यात." मला हसू आलं, तेवढ्यात तिने मला पाहिलं. "काका, माफी तुम्ही दिलीत ना? का, हात तुम्हाला लावला होता का त्याने?" चारचौघांत मला असं कधी कुणी बोललं नव्हतं. संताप झाला नुसता, आणि पोरगी खरं बोलत होती म्हणून जास्तच झाला.

दाखला न घेता तडक कुसैच्या काकांकडे गेलो. म्हणालो, शब्द परत घेतोय, तो द्यायचा हक्क माझा नव्हताच. ते म्हणाले, "डोकं फिरलंय का? लोकांना तोंड कसं दाखवशील?" दाखवीन कसंही. माझे चुलतभाऊ कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. तुझी आई मात्र महिन्याभराने माझ्याशेजारी बसून जेवली.

शिक्षण खात्यासाठी तक्रार लिहून सही केली, पाकीट बंद केलं, निघालो, आणि दारातच थबकलो. पुन्हा तेच करत होतो की मी! म्हणून आधी हे पत्र. तू नको म्हणालीस तर कागद फाडीन, दुसरी शाळा हवी असेल तर मुकाट्याने दाखला आणीन. हो म्हणालीस तर बरोबर येईन, पण बोलशील तू. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते आज विचारतो, रनीम. तुला काय हवं आहे?

तुझाच, चुकलेला,
बाबा